रावेरच्या कुस्तीत मी काय केलं

असोद्याच्या तालमीचे वस्ताद सुपडू नाना — माझ्यावर सर्वांत जास्त उपकार त्यांचे. आमच्या घरात कॉलेजचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं. नानांनीच वडिलांना पटवून मला धुळ्याला पाठवलं. आणि त्यांच्यापासूनच मी एक गोष्ट अकरा वर्षं लपवली. इतकी वर्षं कुणालाच सांगितली नाही. आज तुम्हाला सांगतो.

हल्ली मी जळगावात मिक्स्ड मार्शल आर्ट्स शिकवतो. धरणं-पाडणं माझ्याकडे कुस्तीतून आलं, चपळ पाय बॉक्सिंगमधून. खाली पडल्यावर सांध्याला पेच घालणं मात्र धुळ्याच्या ज्युदो वर्गातलं. हे सगळं अंगात मुरल्यावरच खेळाडू पुरा होतो, असं मी मुलांना सांगतो. खरंच आहे ते. पण कुठली गोष्ट कुठे वापरायची नाही — ते कुणी शिकवायचं? मला तर शिकवलेलं होतं.

तेल, ताक, हळद घातलेल्या त्या लाल मातीचा वास अजून आठवतो. पहाटे नाना स्वतः ती उकरायचे. आम्ही जरा ताठ उभे राहिलो की ओरडायचे, "कंबर खाली घे रे भो, लगनाले आला का?"

रावेरच्या यात्रेत माझी जोड शिंदखेड्याच्या भगवानशी लागली. तो माझ्याहून सरस होता — हे आधी लिहितो. वीस मिनिटांत मी दमलो. आणि मग... दोघं खाली असताना, माझ्या अंगाआड, कुणाला दिसणार नाही असा, मी त्याचा कोपर उलटा दाबला. कुस्तीत हे चालत नाही. ज्युदोत समोरच्यानं हातानं थाप मारली की सोडायचं असतं. भगवानला ते कुठून ठाऊक असणार? हात वाचवायला त्यानं पाठ टेकली. मी जिंकलो.

"येनी मना हात मुरगया!" तो ओरडला.

"पडल्यावर हात दुखतोच, भो!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं. लोक हसले.

पंचांनी नानांकडे पाहिलं. नाना म्हणाले, "माह्या तालमीतला पोऱ्या असं करनार नाही. माहा शब्द हाये."

आणि मी? मी फेटा बांधून घेतला.

भगवान पुन्हा कुठल्याच आखाड्यात दिसला नाही.

नानांना वाचता येत नाही. तालमीच्या पत्त्यावर पत्र गेलं की कुणीतरी सगळ्यांदेखत मोठ्यानं वाचून दाखवतं. गेल्या आठवड्यात मी तिथेच पाठवलं:

"नाना, रावेरला भगवान खरं बोलत होता. मी त्याचा कोपर मुरगाळला होता. तुम्ही शब्द दिलात, तेव्हा मी शेजारीच उभा होतो आणि गप्प राहिलो. भगवानलाही हेच लिहिलं आहे. — प्रकाश"