पाचवी वाटी

विद्याधर गेला, हे सांगणारा फोन आला तेव्हा मी बहरीनला, झिंज भागातल्या घरी शुक्रवारचे पोहे खात होतो. दोन गल्ल्या पलीकडे, झोपेतच गेला होता. पहिला विचार काय आला ते सांगूनच टाकतो : सुटलो. माझी एक गोष्ट या देशात त्याला एकट्यालाच ठाऊक होती, ती आता कुणाला कळायची नाही. याला सहा आठवडे झाले. मध्यंतरी इथल्या मराठी मंडळींनी शोकसभा घेतली. तिथे विद्याधर रसिक होता, व्यासंगी होता, जपानी संस्कृतीचा जाणकार होता. डोंबलाचा जाणकार! एकोणीस वर्षं मी त्याचा मित्र होतो, मला विचारा.

झालं असं, की त्याच्या बँकेतल्या कुणाच्या तरी ओळखीने तो इथल्याच जनाबिया भागात एका जपानी बाईंकडे चहा करायला शिकू लागला. पन्नाशीचा पुणेकर, बायको गेल्यापासून एकटा राहणारा, स्वतःचा कप दुसऱ्या दिवशीपर्यंत न विसळणारा माणूस... आणि चहाचे धडे. मायदेशी परतताना बाईंनी त्याला तकतकीत लाल, बशीसारख्या उथळ अशा पाच लाकडी वाट्या दिल्या. चहाआधीच्या जेवणात त्यांतून साके, म्हणजे तांदळाची दारू, घोटभर देतात. लाकूड कागदासारखं पातळ, वर झाडाच्या चिकाचे थरांवर थर, एकेक थर दमट कपाटात दिवसेंदिवस धरू दिलेला. एसीने ते लाकूड सुकू नये म्हणून हा त्यांच्या शेजारी पाण्याचं भांडं ठेवायचा. मग शनिवारी आम्हाला बोलवायचं, गुडघे मोडून बसवायचं, ‘हे आपलं वज्रासनच’ म्हणून वर ज्ञान द्यायचं, आणि ताकाच्या रवीच्या पिल्लाने हिरवी पूड घुसळून ते शेवाळाचं पाणी पाजायचं. त्या वाट्यांतून काय द्यायचा, तर कोकम सरबत. दारूला शिवत नसे ना! परंपरेचा एवढा पुळका आणि वाटीत कोकम. मी तोंडावर हसायचो, पण पुढच्या शनिवारी पुन्हा हजर. दुसरं जाणार कुठे?

असल्याच एका शनिवारी एका वहिनींच्या हातून वाटी फरशीवर पडली आणि काठाचा टवका उडाला. मी ती उचलली, नखाने काठ चाचपला, आणि नको ते बोलून गेलो... लाकूड आतून सुकलंय, म्हणून थर सुटला. विद्याधर माझ्याकडे बघतच राहिला. सगळे गेल्यावर त्याने इतकं खोदून विचारलं, की सांगावंच लागलं. माझे वडील सावंतवाडीला लाकडी खेळणी आणि पाट लाखेने रंगवत. कॉलेजला जाईपर्यंत मीही त्यांच्या शेजारी बसून तेच करत होतो. बहरीनमध्ये मात्र मी सगळ्यांना, अगदी माझ्या बॉसलासुद्धा, वडील हेडमास्तर होते असं सांगत आलो होतो.

झालं, त्याने भुणभुण लावली. वाटी तूच दुरुस्त कर. मी म्हटलं, अडाण्या, आमची लाख किड्याची, यांचा चीक झाडाचा. लाख दारूत विरघळते, साके ओतलीस की पांढरी पडून निघून येईल. तर म्हणतो, मी कोकमच ओततो की. बरोबर होतं त्याचं, म्हणूनच माझं डोकं फिरलं.

“विद्या, मी कारागीर नाही, इंजिनियर आहे. पुन्हा हा विषय काढलास तर तुझ्या दारात पाऊल टाकणार नाही.”

“बरं,” तो म्हणाला. “चुकलं माझं.”

त्यानंतर चार महिने त्याने त्या विषयावर अक्षर काढलं नाही. मग गेलाच.

त्याची मुलगी आर्या लंडनहून आली. घर आवरताना चार वाट्या तिने खोक्यात भरल्या आणि पाचवी, टवका उडालेली, माझ्या हातात ठेवली. मराठी तिला कळतं, बोलते इंग्रजीत. “काका, बाबा सेड धिस वन इज युअर्स.” माझी का, ते सांगितलं का, असं मी विचारलं. ती म्हणाली, “नो. ही सेड, काका विल टेल यू, इफ ही वॉन्ट्स टू.”

मी काय सांगितलं असेल? तुझा बाबा काहीही बोलायचा, म्हणालो. विद्याधरला नावं ठेवत हा लेख इथवर आणला, पण त्या घरात उभं राहून मला जेवढी स्वतःची किळस आली तेवढी त्याची कधीच आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाब अल बहरीनच्या बाजारात गेलो. तिथला एक सोनार पोकळ दागिन्यांत भरायला लाख ठेवतो, त्याच्याकडून खडा आणला. मेणबत्तीवर मऊ केला, लाल रंग मिसळला, बोट भाजून घेतलं. चकाकीसाठी वडील केवड्याचं पान घासायचे. मी खजुराच्या पातीवर भागवलं. आर्याला फोन करून वडिलांचं खरं काय ते सांगितलं. मंडळींना आता हा लेख वाचून कळेलच.

वाटी माझ्या टेबलावर आहे. काम भिकार झालंय. लाल रंग जुळलेला नाही, काठाला गाठ दिसते. वडिलांनी असलं काम अंगणात भिरकावलं असतं. विद्याधरने मात्र तिच्यात कोकम ओतून, सगळ्यांना गुडघ्यांवर बसवून, ती हातोहात फिरवली असती... आणि दुरुस्त कुणी केली, ते शेवटपर्यंत सांगितलं नसतं.