शेजारच्या आजोबांचं कॅसरोल

आयर्लंडमधल्या किलकेनीत राहायला आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून सांगितलं, "शनिवारी आपल्या गल्लीचं पॉटलक आहे. प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा. मी कॅसरोल आणतोय."

मी खूश झाले. माझ्या लेखी कॅसरोल म्हणजे पोळ्या गरम ठेवायचा डबा. या माणसाला पोळ्या येतात की काय, अशा आश्चर्यात मी त्या बेताने बटाट्याची पिवळी भाजी केली आणि गल्लीच्या सामायिक हॉलमध्ये गेले. आजोबांनी कॅसरोल म्हणून टेबलावर काचेचं एक खोलगट भांडं ठेवलं होतं. त्यात टिनमधलं चिकन, टिनमधला मका, टिनमधलं मशरूमचं सूप आणि वर चुरलेल्या वेफर्सचा थर होता. एवढं सगळं ओव्हनमध्ये इतका वेळ ठेवलेलं, की कोण कुठल्या टिनमधून आलं ते त्यांचं त्यांनाही आठवत नसावं.

टिनमधल्या चिकनबद्दल माझं मत तेव्हाच तयार झालं आणि आजही ते बदललेलं नाही. कोंबडी डब्यात गेली तर एक वेळ समजून घेता येतं. पण डब्यातून बाहेर काढल्यावरही ती डब्यासारखीच गोल उभी राहते, अंगावर डब्याच्या कडांचे वळ घेऊन, हे काही बरं नाही. कॅसरोलबद्दलही माझं म्हणणं आहे. आपण भाजी करतो तेव्हा कांदा परतायचा वास येतो, फोडणी तडतडते, काहीतरी चाललंय हे शेजाऱ्यांनासुद्धा कळतं. कॅसरोल मात्र आत जाताना गप्प आणि बाहेर येतानाही गप्प.

पण हे मी कोणाला बोलले नाही. आजोबा एकटेच राहायचे. त्यांची बायको काही वर्षांपूर्वी गेलेली, आणि हे कॅसरोल तिचं होतं, हे मला पहिल्याच दिवशी कोणीतरी कानात सांगितलं. गल्लीतला प्रत्येक जण एक चमचा घ्यायचा आणि "ग्रँड!" म्हणायचा. इथे हवा, तब्येत, चहा, सगळंच ग्रँड असतं. मीही म्हणायला शिकले. नोकरीत माझं काम वैद्यकीय उपकरणांमधले दोष शोधायचं. दिवसभर दोष काढायचे आणि उन्हाळ्यातल्या त्या एका दुपारी कॅसरोलला ग्रँड म्हणायचं, असं काही वर्षं छान चाललं होतं.

मग माझी आई कोल्हापूरहून आली. आई म्हणजे "मी जातो, मी करतो" म्हणणारी पक्की कोल्हापूरकर. मटणाच्या बाबतीत तिच्याशी वाद घालायची हिंमत माझ्या वडिलांनीही कधी केली नाही. पॉटलकला जाताना मी तिला बजावलं, "आई, तिथे काही बोलायचं नाही हं. गोड हसायचं."

"मी कशाला बोलतो? मला कुठं इंग्रजी येतंय?" ती म्हणाली.

आजोबांनी स्वतः तिच्या ताटलीत कॅसरोल वाढलं आणि समोर उभे राहिले. आईने एक घास घेतला. बराच वेळ चावला, खरं तर त्यात चावण्यासारखं काही नव्हतं. मग आजोबांकडे बघून, मी सांगितलं होतं तसं अगदी गोड हसत ती म्हणाली, "अगं, ह्यात चिकन कुठाय? नुसती मिठाची खळ आहे की! वर कुरकुरीत, खाली गिचका. एवढा चांगला माणूस, रोज असलं खातोय व्हय? ह्याला कोणी सांगत कसं नाही?"

"ती म्हणतेय, ग्रँड आहे," मी आजोबांना सांगितलं.

आजोबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आईकडे. "मराठीत ग्रँड फारच लांब आहे," ते म्हणाले. "आता खरं सांग."

त्यांच्या डोळ्यांत हसू दिसत होतं, आणि खोटं बोलून आता काही उपयोगही नव्हता. मी शब्दन् शब्द सांगून टाकलं. मिठाच्या खळीला इंग्रजी शब्द सुचेना म्हणून भिंतीला कागद चिकटवायचा गोंद म्हटलं, ते मूळ वाक्यापेक्षाही वाईट झालं.

आजूबाजूचे लोकही वळून बघायला लागले. मग आजोबा जे हसायला लागले ते थांबेचनात, शेवटी खुर्ची ओढून बसले.

"मलाही ते कधी आवडलं नाही," ते डोळे पुसत म्हणाले. "आणि बायकोलाही नाही! एकदा आमची चांगली कोंबडी ओव्हनमध्ये जळाली, पाहुणे दारात, म्हणून तिने घरातले टिन फोडून हे उभं केलं. सगळे म्हणाले, ग्रँड. झालं! मग दर वर्षी करावंच लागलं. आमच्या वाटणीचं आम्ही गुपचूप कुत्र्याला द्यायचो. कुत्रा गेल्यापासून फार अवघड झालंय."

"मग तू अजून का करतोस?" समोरच्या घरातल्या बाईंनी विचारलं.

"तुम्हा सगळ्यांना आवडतं म्हणून!"

त्यावर हॉलमध्ये जो हशा उठला तसा मी आयर्लंडमध्ये दुसरा ऐकलेला नाही. एकेक जण कबुली देऊ लागला. कोणी ते कागदी रुमालात गुंडाळायचं, कोणी नवऱ्याच्या ताटलीत ढकलायचं. सगळ्यांना आजोबांच्या बायकोच्या आठवणीला धक्का लावायचा नव्हता, आणि आजोबांना सगळ्यांना नाराज करायचं नव्हतं.

आईला मी हे सगळं सांगितलं. ती पोट धरून हसली आणि पुढच्याच क्षणी पदर खोचून उभी राहिली. "टिन उरलाय का एखादा? आणायला सांग त्यांना."

आजोबा धावतच घरी गेले आणि दोन टिन घेऊन आले. हॉलच्या स्वयंपाकघरात आईने त्या गुलाबी चिकनच्या कोथिंबीर वडीसारख्या पातळ वड्या कापल्या. आजोबा मला म्हणाले, "तवा प्रेसमध्ये आहे." इथे कपाटाला प्रेस म्हणतात, पण आईला इस्त्रीच आठवली आणि ती म्हणाली, "ह्यांचं काही खरं नाही बाई!" मग तव्यावर तेल, भरपूर कांदा, घरून आणलेली तिची कांदा-लसूण चटणी, आणि वड्या दोन्हीकडून खमंग लाल. तिच्या पर्समध्ये ती चटणीची पुडी का होती, हे मी विचारलं नाही. परक्यांच्या जेवणावर तिचा कधीच विश्वास नसतो.

मला अजूनही टिनमधलं चिकन आवडत नाही. पण त्या वड्या ताटात पडायच्या आत संपत होत्या. आजोबांचं नाक लाल झालं, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि ते चौथ्यांदा ताटली पुढे करत आईला काहीतरी म्हणाले.

"काय म्हणतात?" आईने विचारलं.

"म्हणतात, ग्रँड आहे."

"खरं सांगतोयस ना?" आईने मराठीत थेट आजोबांनाच विचारलं. शब्द त्यांना कळले नसणार, तरी त्यांनी छातीवर हात ठेवला आणि जोरजोरात मान हलवली.