ढिगावरचं फडकं

कुंदनच्या कपाळावर, भुवईच्या वर, एक आडवा व्रण आहे. तो विटेचा आहे आणि वीट त्याच्या बायकोने मारलेली आहे. कोणी विचारलं तर तो तसंच सांगतो, लपवत नाही. त्याच्या पुढचं मात्र सांगत नाही.

दोंडाईचाबाहेरच्या एका जिनिंगमध्ये तो लोडर चालवायचा. मैदानात कापसाचे घराएवढे ढीग पडलेले असत. त्यातला कापूस लोडरच्या बकेटने उचलायचा आणि जिनाकडे, म्हणजे सरकी काढायच्या यंत्राकडे, नेऊन ओतायचा, हे त्याचं काम. माणूस कष्टाळू, वरच्यापुढे गरीब गाय, पण घरच्यांवर राग नाकाच्या शेंड्यावर. बायको रत्ना त्याच मैदानात कापसातला कचरा वेचायची. मुलगी झाली तेव्हा अंगणवाडीच्या दिपमालाताईंनी तिला समजावून सांगितलं होतं, की कामावरच्या बाईला बाळंतपणाची सहा महिने पगारी रजा कायद्याने मिळते, ठेकेदाराकडची असली तरी मिळते.

रत्ना कुंदनला म्हणाली, "तू संगे चाल. शेठले दोन्हीजण इचारूत."

कुंदन शेठपर्यंत गेलाच नाही. एकटाच मुकादमाकडे गेला आणि चाचरत रजा मागितली. तिच्यासाठी, आणि जमलं तर आठवडाभर स्वतःसाठी. रुपचंद मुकादम सुपारी कातरत म्हणाला, "तुले कसानी रजा? तू बाळंतीण व्हयना का?" सगळे हमाल हसले. कुंदनही हसला, हे मला अजून डाचतं. आणि रत्नाचं काय, तर मुकादम म्हणाला, तिच्या जागेवर यायला बाया दारात उभ्या आहेत, तिने ठरवावं. कुंदन मूग गिळून घरी आला आणि रत्नावरच खेकसला, की कायदा शिकवायला तुला कोणी सांगितलं होतं.

सव्वा महिना पुरा व्हायच्या आतच रत्ना कामावर परतली. टाके अजून दुखत होते. सासू नाही, आई तिकडे चोपड्याला केळीच्या बागेत मजुरीला. पोरगी ठेवायची कुठे? तर सगळ्या बाया ठेवतात तिथेच, कापसाच्या ढिगावर. थंडीत त्याच्यासारखी ऊब नाही आणि लेकरू गाढ झोपतं. झोपवलं तिथे काठी खोचायची आणि काठीला लाल फडकं बांधायचं. जागा रोज बदलायची; फडकं दिसलं की लोडर तिकडे फिरकायचा नाही. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सगळे ड्रायव्हर पाळायचे.

त्या दिवशी बाहेरगावचे व्यापारी माल बघायला येणार होते. कापसात रंगीत चिंधी सापडली की गाठीचा भाव पडतो, म्हणून रुपचंद सकाळपासून मैदानात चिंध्या हुडकत फिरत होता. त्याने फडक्याची काठी उपटली, बगलेत मारली आणि पुढे चालू लागला. खाली काय आहे हे बघायला तो वाकलासुद्धा नाही.

कुंदनने ढिगाकडे पाहिलं, काठी दिसली नाही, त्याने बकेट घुसवली.

मैदानाच्या दुसऱ्या टोकाहून रत्नाने ते पाहिलं. ती जीव खाऊन ओरडली, पण जिनाच्या धडधडीत ओरडणं कोणाला ऐकू जाणार? ताडपत्रीवर दाबायला ठेवलेली वीट तिने उचलली, धावत लोडरसमोर आली आणि वीट नेमकी नवऱ्याच्या तोंडावर भिरकावली. कपाळ फुटलं. डोळ्यात रक्त उतरलं. कुंदनने लोडर थांबवला, उडी मारून खाली उतरला आणि तिच्या थोबाडीत मारली. ती पडली. उठली तशी दुसरी मारली. ओठ फाटला तरी तिने हात आडवा धरला नाही. ती फक्त वर बोट दाखवत होती.

वर बकेटच्या कडेला, कापसाबाहेर, एक इवलासा पाय होता.

आता ती बकेट खाली आणायची कोणी? त्यानेच. एका डोळ्यात रक्त, आणि दांडा जरा जास्त ओढला गेला तर बकेट उलटी होणार. कुंदन पुन्हा वर चढला. बकेट हळूहळू उतरली. जमिनीला टेकायच्या आधीच रत्नाने आत हात घातला. पोरगी निळी पडली होती. नाकातोंडात कापूस. रत्नाने बोट घालून बोळा काढला, आणखी एक काढला, लेकराला पालथं धरून पाठीवर थापट्या मारल्या. रडू फुटलं तेव्हा रत्ना तिथेच मातीत बसली.

रुपचंद काठी घेऊन धावत आला. फडकं अजून काठीलाच होतं. घाबरून तो म्हणाला, "माले काय माहीत, ती तुनी आंडेर व्हती?"

म्हणजे लेक दुसऱ्या कोणाची असती तर चाललं असतं! कुंदनने तीच काठी हिसकावली आणि त्याच्या तोंडावर हाणली. रुपचंदचे पुढचे दात गेले. तो खाली पडला तरी कुंदन हाणत राहिला, काठी मोडली तेव्हा लाथांनी. मग रुपचंदचे हमाल धावले. एकाने लोखंडी पहार घातली ती कुंदनच्या उजव्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज बायांनी ऐकला.

दुसऱ्या दिवशी मालक अखिलशेठ स्वतः घरी आले. पोलिसात जाऊ नका म्हणाले, आणि रत्नाला सहा महिन्यांची पगारी रजा दिली. वरातीमागून घोडं. कायदा काय रक्त सांडल्यावर जन्माला आला होता? कुंदनने विचारलं, "आणि माले?"

"बापाच्या रजेचा आपल्याकडे नियम नाही रे," शेठ म्हणाले. "पण तुझा हात मोडलाय. त्याची घे."

अशी बापालाही रजा मिळाली. उजवा हात प्लास्टरमध्ये घालून कुंदन दिवसभर घरात बसू लागला. लेक झोळीत, तो डाव्या हाताने दोरी ओढणार. शेजारीपाजारी म्हणायचे, देव तारी त्याला कोण मारी. रत्ना सगळं करायची, त्याला घासही भरवायची, पण त्याच्याशी बोलायची नाही. तिच्या ओठावरची खपली निघाली तरी बोलली नाही.

शेवटी एका दुपारी त्याला राहवलं नाही. "रत्ना, देवनी आण," तो म्हणाला. "माले खरंच दिसनी नही ती."

रत्ना भाकरी थापत होती. तिने मान वर केली.

"आंडेर तुले दिसनी नही, हाई माले पटनं," ती म्हणाली. "पन माले ते देखीसन मारं ना तू?"

कुंदनच्या हातातली दोरी थांबली. झोळी थांबली तशी पोरगी रडू लागली, आणि तो पुन्हा दोरी ओढायला लागला.