घराचं पुनर्मूल्यांकन

कॉलेजातला एकच शब्द माझ्या आईला पक्का येतो, पुनर्मूल्यांकन. पहिल्या वर्षी अकाउंट्सच्या पेपरात मी नापास झाले होते. फी भरून पेपर पुन्हा तपासायला दिला आणि पास झाले. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे आईला ही गोष्ट फार मोठी वाटली. नापास म्हटलेलं माणूस परत पास होऊ शकतं, हे तिनं बिल्डिंगभर सांगितलं. मला लाज वाटली होती, पण तिला थांबवणं शक्य नव्हतं.

आमची बिल्डिंग मसोलीत आहे. बाबा तलासरीला सरकारी कार्यालयात शिपाई. गाव तिथूनही आत, डोंगराच्या बाजूला. तिथून रोज कॉलेजला येणं जमणार नव्हतं, म्हणून बाबांनी पगारावर गृहकर्ज काढून इथे दोन खोल्या घेतल्या. आता बाबाच रोज उलटे तलासरीला जातात.

मोठे काका, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, गावीच राहतात. त्यांना हा व्यवहार कधीच पटला नाही. आमच्या गावात कुणी घर विकत नाही, घेतही नाही. जागा बदलायची झाली की वासे आणि कौलं उतरवायची आणि दुसरीकडे उभी करायची. पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा काकांनी भिंतीवर हात फिरवला आणि विचारलं, "मोडलं तर यातलं काय न्यायला येईल?"

बाबा म्हणाले, "मोडायचं कशाला?"

वरच्या मजल्यावर रेल्वेतलं एक कुटुंब होतं. त्यांची बदली झाली आणि त्यांनी घर विकायला काढलं. घर बघणाऱ्यांना आवडायचं, पण त्यांची बँक कर्ज द्यायला तयार नसायची. बिल्डिंग पूर्ण झाली आहे, राहायला योग्य आहे, असा नगरपरिषदेचा दाखला लागतो. त्याला भोगवटा प्रमाणपत्र म्हणतात. आमच्या बिल्डिंगला तो नव्हता. बिल्डरनं सांडपाण्याची लाईन आणि आगीसाठीची पाण्याची टाकी अर्धवट टाकून फोन उचलणं बंद केलं होतं. आम्ही घेतलं तेव्हा काम चालू होतं, म्हणून आम्हाला कर्ज मिळून गेलं. शेवटी त्या रेल्वेवाल्यांनी रोख देणाऱ्या एका माणसाला मिळेल त्या भावात घर दिलं. त्यानंतर काही दिवस जिन्यात भेटल्यावर कुणी घराविषयी बोलायचं नाही.

बाबा घाबरले. आणखी भाव पडायच्या आत विकावं, कर्ज फेडावं आणि गावी परत जावं, असं त्यांनी ठरवलं. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "तू एक वर्ष थांब. मग बघू." आमच्याकडे असं थांबलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यातली एकही परत कॉलेजात आलेली नाही. पण हे मला तेव्हा बोलता आलं नाही.

बँकेनं एक माणूस पाठवला. त्यानं खोल्या मोजल्या, फोटो काढले. आठवड्यानं बँकेत बोलावलं, तेव्हा बाबांबरोबर मीही गेले. तिथल्या मॅडम चांगल्या होत्या, त्यांनी दोनदा समजावून सांगितलं. आमचं जेवढं कर्ज बाकी होतं, त्यापेक्षा, दाखला नसल्यामुळे, घराचं मूल्यांकन कमी आलं होतं.

"म्हणजे घर विकून कर्ज फिटणार नाही?" बाबांनी विचारलं.

"नाही. वरचे पैसे तुम्हाला घालावे लागतील."

"आणि किल्लीच तुमच्याकडे दिली तर?"

"तरी उरलेलं तुमच्याच नावावर राहील, काका."

त्या रविवारी मोठे काका आले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. आमच्याकडे लग्नात मुलाकडचे मुलीच्या बापाला देज देतात. काका म्हणाले, "आपल्यात पोरगी दिली तर देज मिळते. तू घर देणार आणि वर देजही तूच देणार? असा सोयरा कुठे शोधलास?"

बाबा हसले नाहीत. आई भाकरी थापत होती. तिनं मला विचारलं, "बँकेनं काय केलं म्हणालीस?"

"मूल्यांकन."

"मग नापास झालं ना? पुनर्मूल्यांकनाला टाक."

काका मोठ्यानं हसले. मलाही हसू आलं. मी म्हटलं, "आई, ते पेपरचं असतं."

"पेपरात तुझं लिहिलेलं मोजायचं राहिलं होतं. इथे काय राहिलं?"

इथे काय राहिलं होतं ते आम्हाला माहीत होतं. लाईन आणि टाकी.

दुसऱ्या दिवशी मी नगरपरिषदेत गेले. काउंटरवर माझा आवाज फुटेना, मागच्या माणसानं "बोल ना बेन, रांग आहे" म्हटल्यावर फुटला. बिल्डर नसेल तर राहणाऱ्यांनी मिळून राहिलेलं काम पुरं करावं आणि दाखल्यासाठी अर्ज करावा, असं कळलं. मग मी एकेका दाराची बेल वाजवली. खालच्या मजल्यावरचे गुजराती काका म्हणाले, "दीकरी, जे कामाचे पैसे एकदा दिले तेच परत द्यायचे?" मी म्हटलं, "हो काका. नाहीतर तुमचंही घर विकलं जाणार नाही." मी असं कुणाला पहिल्यांदाच सुनावलं होतं. त्यांनी दार लावून घेतलं. संध्याकाळी गच्चीवर सगळे जमले, तेव्हा सगळ्यात पुढे तेच बसले होते.

बाबांनी विकण्याचा विचार सोडला असं म्हणणार नाही, पण परत तो विषय काढला नाही. खर्च वाचावा म्हणून लाईनीचा चर आम्हीच खणायचा असं ठरलं. मोठे काका गावाहून पहार आणि माझे दोन चुलतभाऊ घेऊन आले. "देज द्यायचीच आहे, तर पोरगी नीट नांदू दे," असं म्हणत त्यांनी पहिली पहार मारली. टाकीला जास्त वेळ लागला. त्या दिवसांत मी कॉलेजातून आले की आधी मागे जाऊन काम कुठवर आलं ते बघायचे.

परवा नगरपरिषदेचे इंजिनिअर तपासणीला आले. लाईन पाहिली, टाकी पाहिली. टाकीचा पंप अजून बसायचा आहे. तो बसला की परत येऊन बघतो, बाकी ठीक आहे, म्हणाले.

आई जिन्यात उभी होती. "काय झालं? पास?"

"एटीकेटी."

हा शब्द तिला नवा होता. मी सांगितलं, एक विषय राहिला, तो सोडवायचा, पण तोवर पुढच्या वर्गात बसता येतं.

"तू बसतेस ना?"

"बसते."

"मग पंपाचं बघ," म्हणून ती वर गेली.