वाऱ्याच्या वरच्या बाजूला

बोलायचं झालं की तो एका बोटानं मास्क हनुवटीखाली ओढायचा. मास्क खाली आला की समजायचं, आता आपली सुटका नाही. "ऐकून तर घ्या भाऊ, मंग जा," म्हणून तो सुरू व्हायचा. मागे माणसं खोळंबली तरी त्याची गोष्ट शेवटाला गेल्याशिवाय थांबायची नाही.

बोरगावजवळच्या एका औषधांच्या कारखान्यात आम्ही बरोबर होतो. मी कच्च्या मालाच्या स्टोअरमध्ये, आणि तो पेनिसिलिनच्या जातीचं औषध तयार व्हायचं त्या इमारतीत. ती इमारत इतरांपासून तोडून बांधलेली. तिची हवा वेगळी, कपडे वेगळे, निघताना अंघोळीची खोलीही वेगळी. आत पांढरी भुकटी चाळायची, मिसळायची आणि मशीननं कॅप्सूलमध्ये भरायची. फोडलेल्या कॅप्सूलला येतो तसा उग्र वास तिथल्या माणसांच्या केसांना कायम असायचा.

दरवर्षी आम्हाला एका खोलीत बसवून धोके समजावून सांगत. सुरक्षा अधिकारी छिंदवाड्याकडची तरुण बाई होती. ती सांगायची की ही भुकटी विष नाही, तरी ती रोज थोडी थोडी नाकात जात राहिली तर एखाद्याचं अंग तिला शत्रू मानू लागतं. कोणाचं, ते आधी कळत नाही. आणि एकदा मानलं की मग चिमूटभर भुकटीही जीव घेऊ शकते. यावर तो उभा राहून म्हणाला, "मॅडम, गोटमारीचे गोटे झेललेलं आंग हाये हे." सगळे हसले, बाईही हसली. मग तिनं त्याला आधी मास्क वर करायला सांगितलं. त्यानं केला. पुढची गोष्ट आठवेपर्यंत तो वरच राहिला.

तो पांढुर्ण्याचा, बायको नदीपलीकडच्या सावरगावची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावं नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड मारतात, ती गोटमार; तिच्यात सासरे आणि जावई समोरासमोर असतात, आणि संध्याकाळी तोच जावई सासऱ्याच्या डोक्याला हळद लावतो, असं तो सांगायचा. यातलं खरं किती, हे आम्ही कधी तपासलं नाही. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. त्याला माणसं लागतात, जशी आपल्याला भाकर लागते. जेवणाच्या सुट्टीत तो आपला डबा उघडण्याआधी इतरांच्या डब्यांत डोकावायचा. कोणाची सून माहेरी गेली, कोणाच्या संत्र्याचा आंबिया बहार गळाला, हे त्याला घरच्यांच्या आधी ठाऊक. माझे वडील गेले तेव्हा तो स्मशानात माझ्याजवळ उभा राहून मला वडिलांच्याच गोष्टी सांगत होता. त्यांना तो जेमतेम दोनदा भेटला होता. तरी त्या दिवशी मला त्याच गोष्टींचा आधार वाटला.

त्याच्या मनगटांवर चट्टे उठायला लागले तेव्हा तो म्हणाला, हातमोज्यांमुळे. डोळ्यांतून पाणी येऊ लागलं तर म्हणाला, कपाशीचा धुरळा. मग खोकला सुरू झाला. सुट्टीच्या दिवशी खोकला नसायचा, कामावर चढला की दुपारपर्यंत छाती शिट्टीसारखी वाजायची. मी त्याला दवाखान्यात दाखवायला सांगितलं, बाईला कळवायला सांगितलं. तो म्हणाला, कळवलं तर त्या इमारतीतून काढतील, आणि तिकडं सगळी आपली माणसं आहेत. त्या माणसांत त्याची बायकोही होती. त्यानंच तिला पॅकिंगमध्ये लावलं होतं. दोघं सकाळी एकाच बसनं यायची, आणि बसमध्येही तो तिच्याशी असा बोलायचा, जणू घरी भेट झालीच नव्हती.

मग एक दिवस चाळणीच्या खोलीत पिशवीचं तोंड निसटलं आणि भुकटीचा लोट उठला. तो तिथेच होता. मी पोचलो तेव्हा त्याला बाहेरच्या व्हरांड्यात आणून निजवलं होतं. ओठ सुजून ओळखू न येण्यासारखे झाले होते. सुरक्षा अधिकारी बाईनं त्याच्या मांडीत इंजेक्शन दिलं, आणि आम्ही त्याला गाडीत घालून सौंसरच्या दवाखान्याकडे निघालो. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तो काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होता आणि शब्द उमटत नव्हता. त्याला बोलता येत नाही, असं मी पहिल्यांदाच पाहत होतो. बरा झाल्यावर त्यानं मला सांगितलं की बायकोला काही कळवू नका, एवढंच त्याला म्हणायचं होतं. तिला कळलं होतंच. काचेपलीकडच्या हॉलमधून तिनं त्याला उचलून नेताना पाहिलं होतं.

डॉक्टरांनी सांगितलं ते सरळ होतं. हे औषध आयुष्यात पुन्हा घ्यायचं नाही, आणि ही भुकटी पुन्हा अंगाजवळ येऊ द्यायची नाही. सारखा खाली ओढलेला मास्क हेच कारण होतं का? मला माहीत नाही. मास्क नीट लावणाऱ्या माणसांनाही हे होतं, असं बाई नंतर म्हणाली होती. ती हे त्याला दिलासा म्हणून सांगत होती, आणि तो मान डोलवत होता.

कंपनीनं त्याला काढलं नाही, हे सांगायला हवं. त्याला पंपहाऊसवर दिलं. ते कारखान्याच्या अगदी टोकाला, विहिरीजवळ, मधे मोकळं रान. पंप चालू करायचा, बंद करायचा, टाकी भरली का पाहायचं. सुरुवातीचे काही दिवस जेवणाच्या सुट्टीत त्याचे सोबती डबे घेऊन तिकडे गेले. त्यांच्या केसांतून, बुटांतून भुकटी जायची. ते आले की त्याचे डोळे लाल व्हायचे आणि छाती वाजू लागायची. त्यांनी अंघोळ करून जायला सुरुवात केली, पण सुट्टी तेवढी मोठी नसते. मग तो वारा कुठून येतो ते पाहून वरच्या बाजूला दगडावर बसू लागला, आणि माणूस जवळ येताना दिसला की दुरूनच तळहात दाखवायचा. तिथून ओरडून गप्पा व्हायच्या. ओरडून घरची गोष्ट सांगता येत नाही. हळूहळू माणसं यायची थांबली. त्यांचा दोष नव्हता. आपल्या येण्यानं एखाद्याचा श्वास अडकत असेल तर कोण जाईल?

त्याच माणसांनी भरलेली कंपनीची बसही त्याला सोडावी लागली. तो सरकारी बसनं यायचा आणि फाट्यापासून चालत.

खरी अडचण घरात होती. बायको कारखान्यात अंघोळ करायची, कपडे बदलायची, घरी गेल्यावर पुन्हा डोक्यावरून पाणी घ्यायची. तरी अधूनमधून त्याला त्रास व्हायचाच. तिनं नोकरी सोडते म्हटलं. दुसऱ्या विभागात जागा नव्हती, मुलगी नागपूरला नर्सिंग शिकत होती, घर दोघांच्या पगारावर चाललेलं. तो नाही म्हणाला. शेवटी ती बोरगावला बहिणीकडे राहू लागली. शनिवारी तिथेच न्हाऊन, वेगळ्या ठेवलेल्या लुगड्यात रविवारी पांढुर्ण्याला यायची आणि दिवस मावळायच्या आत परत जायची.

मी सुट्टीच्या दिवशी धुतलेल्या कपड्यांत त्याच्या घरी जायचो. एकदा मी गेलो तेव्हा तो ओसरी झाडत होता. म्हणाला, "बायको माही रैवारची पाव्हणी झाली भाऊ. चांगले कप काढून राहिलो तिच्यासाठी."

हे सांगून तो हसला. मला हसता आलं नाही.

बाकीचे दिवस तो काय करायचा, हे मी विचारलं. तो म्हणाला, आधी पंपाशी बोलायचो, पण पंप मधे बोलू देत नाही. हा त्याचा शेवटचा विनोद मला आठवतो. पुढच्या भेटींत मीच जास्त बोलू लागलो. कोणाची बदली झाली, कोणाकडे लग्न निघालं, मी सांगायचो आणि तो ऐकून "हो का" म्हणायचा. पुढचा प्रश्न विचारायचा नाही. ज्याच्याजवळ साऱ्या गावाची खबर असायची, त्याला मी त्याच्याच शेजारच्या घरात पाळणा हलल्याचं सांगितलं. तेही त्याला माहीत नव्हतं.

मुलीचं शिक्षण झालं, तिला नागपूरला नोकरी लागली. त्याच आठवड्यात बायकोनं राजीनामा दिला. कामाच्या शेवटच्या दिवशी तिनं पेढे वाटले. मला पेढा देताना म्हणाली, "भाऊजी, आता त्याहिचं बोलणं ऐकता ऐकता कान किटतील पाहा माहे."

काही आठवड्यांनी मी त्यांच्याकडे गेलो. ती दोघं मुलीकडे नागपूरला राहायला जाणार होती, सामानाची बांधाबांध चालली होती. नंतर मी त्याला पाहिलं नाही, म्हणून ती संध्याकाळ नीट लक्षात आहे. वहिनींनी अंगणात खुर्च्या मांडल्या, चहा आणला. त्यानं आपला कप आणि खुर्ची उचलली आणि तो कुंपणाजवळ, निंबाखाली जाऊन बसला. तिथून आमच्याकडे पाहत चहा पिऊ लागला.

"इकडे या ना, काहून तिकडे बसले?" वहिनी म्हणाल्या.

"ठीक आहे इथंच," तो म्हणाला.

"माह्या आंगाले काई नाही आता. पाहा तरी."

तो हसला, पण उठला नाही. त्याच्या मनात राग नव्हता, दुःखही दिसत नव्हतं. शरीर दूर बसायला शिकलं होतं, आणि शिकलेलं विसरायला तयार नव्हतं. मग वहिनींनी आपली खुर्ची उचलली, निंबाखाली नेली आणि त्याच्या शेजारी ठेवली. त्यानं आपली खुर्ची हातभर मागे घेतली. त्यांनी आपली पुढे सरकवली. मग त्यानं मागे पाहिलं, कुंपण होतं. तो तसाच बसून राहिला, आणि वहिनी त्याला सावरगावातल्या कोणाची तरी गोष्ट सांगू लागल्या.