समोर कुणी नसताना

लातूरला मी डॉक्टर व्हायला आले होते. ते काही झालं नाही. मेडिकलची प्रवेश परीक्षा दोनदा हुकली, मग तिथल्याच कॉलेजात बीएस्सीला नाव घातलं. पण अंगात काहीतरी सुटून गेलं होतं. खोलीतल्या मुली अभ्यासाला बसल्या की माझे पाय टेबलाखाली हलायला लागत. पान उघडलं की उठावंसं वाटे, उठलं की कुठं जायचं ते कळत नसे.

कॉलेजच्या मागच्या पत्र्याच्या हॉलमध्ये मुलींचं बॉक्सिंग चालायचं. एका संध्याकाळी सहज बघायला गेले. शिकवणाऱ्या सरांनी ग्लोव्ह्ज हातात दिले आणि टांगलेल्या बॅगवर पहिला ठोसा बसला तेव्हा कित्येक महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटलं.

सर मात्र आधी शॅडो करायला लावायचे. म्हणजे समोर कुणी नसताना कुणी आहे असं धरून ठोसे मारायचे, सरकायचं, वाकायचं, चुकवायचं. बाकीच्या मुली मन लावून करायच्या. मी चार हात हवेत फेकून बॅगकडे पळायची. हवेला मारून काय मिळतं? ना आवाज, ना धक्का.

एकदा घाईत हाताला पट्ट्या न गुंडाळताच बॅगला भिडले. मनगट वाकलं आणि करंगळीमागचं हाड मोडलं. उजव्या हाताला प्लास्टर घालून नांदेडला घरी आले.

घरी आई आणि मी. वडील ट्रकवर, बहुतेक बाहेरच. आई म्हणायची, "निवांत पड की जरा." मी फ्रिज उघडून बघायची, बंद करायची. जिना चढायची, उतरायची. शेवटी सरांना फोन लावला.

"सर, वेड लागायची पाळी आलीय."

"पाय मोडलेत का?"

"नाही."

"मग शॅडो कर. उजवा हात छातीशीच राहू दे, चालव नुसता डावा. आणि हळू. कंटाळा येईल इतकं हळू."

सकाळी गच्चीवर सुरू केलं. आई शेजारी मिरच्या वाळत घालत होती. पलीकडच्या गच्चीवर शेजारच्या चाची कपडे टाकायला आल्या आणि बघतच राहिल्या.

"बेटी, किसको मार रई?"

"कुणालाच नाही, चाची."

"तो फिर इत्ता गुस्सा काय कू?"

चाची हसत खाली गेल्या.

हळू करणं फार जड जात होतं. जोरात मारताना जे झाकलं जातं ते हळू मारताना उघडं पडतं. टाच उचललेली, श्वास कोंडलेला, हनुवटी पुढं. एकेक गोष्ट दुरुस्त करायला गेलं की दुसरी बिघडायची. मी चिडून पुन्हा वेग धरायची. एका सकाळी आई मिरच्यांवरून मान न उचलता म्हणाली, "मारताना तू डोळे मिटतीस."

"न्हाई गं."

"हाव. दर बारीला. थांब, दाखवते."

तिनं माझाच फोन घेऊन व्हिडिओ काढला. डावा हात पुढं गेला की माझे डोळे घट्ट मिटत होते, जणू मार मलाच बसणार होता.

"कशाला भ्यायलीस गं एवढी?" आईनं विचारलं.

तिच्या हातातून फोन ओढून मी खाली गेले. संध्याकाळी व्हिडिओ सरांना पाठवला. त्यांचा लगेच फोन आला. "बॅग उलटून मारत नाही, म्हणून आजवर चाललं. आता आरशासमोर कर."

मग रोज कपाटाचा आरसा. ठोसा सोडायचा आणि स्वतःच्या डोळ्यांकडे बघत राहायचं. सुरुवातीला पापणी लवायचीच. रडायला यायचं, आरशावर काहीतरी फेकावंसं वाटायचं. प्लास्टर निघायच्या सुमारास केव्हातरी पापणी थांबली. कोणत्या दिवशी, ते सांगता येणार नाही.

लातूरला परतल्यावर, हात पुरता बरा झाल्यानंतर, कॉलेजच्या संघासाठी निवडीच्या लढती लागल्या. समोर आमच्याच हॉलमधली निलंग्याची मुलगी होती. एरवी सरावात ती मला रिंगच्या दोरांपर्यंत रेटत न्यायची. त्या दिवशी तिचा उजवा खांदा आधी हलतो हे मला दिसलं. खांदा हलला की मी बाजूला सरकत होते आणि डावा हात सोडत होते. मनगट सरळ होतं. दम टिकला. तिचे दोन ठोसे मला चांगले बसले, नाक सणकलं, पण ते येताना मी पाहिले होते. रेफरीनं माझा हात वर केला. सरांनी पाण्याची बाटली तेवढी पुढं केली.

नंतर ती मुलगी माझ्याशेजारी बाकावर येऊन पट्ट्या सोडायला लागली.

"आज लई बघून राहिली होतीस माझ्याकडं," ती म्हणाली. "भ्या वाटलं मला."

मी हसले. जिंकूनही माझा गुडघा एकसारखा हलत होता. तिनं त्यावर हात ठेवला. "बस की निवांत आता."

"जमत न्हाई," मी म्हणाले. "चल, चहा पिऊन येऊ."