थोरला मावळत नाही

विंझरच्या डेअरीत दुधाची किटली उघडली की यंत्राच्या आधी रोहिदास ढेबेचं नाक बोलायचं. कालचं दूध आजच्यात मिसळलंय, म्हशीची कास सुजलीये, किटली घासलेली नाही, नुसती विसळलीये, असं तो फॅट बघायच्या आधीच सांगायचा आणि किटली परत सरकवायचा. त्या वेळी तोंड असं करायचा, की आणणाऱ्याला दूध परत गेल्यापेक्षा त्या तोंडाचाच जास्त राग यावा. माणूस वाईट नव्हता. पण त्याच्या पंगतीला बसायला लोक कचरायचे. भातात खडा आला तर आपण खडा काढून टाकतो, हा ताट सारून उठतो, असं त्याची बायको अश्विनी माहेरी सांगायची.

ढेबे मूळचे वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, तोरण्याच्या कुशीतल्या धनगरवस्तीवरचे. घरात पिढ्यान्पिढ्या म्हसरं. थोरला भाऊ गेनू म्हशींमागं राहिला आणि रोहिदास शाळेसाठी डोंगर उतरला. पुढं भोरच्या कॉलेजात दोन वर्षं सायन्स केलं. वडील गेले तेव्हा गेनू म्हणाला होता, तू शीक, म्हसरं मी बघतो. पण रोहिदासनंच वह्या गुंडाळल्या आणि डेअरीत चिकटला. ते दोन वर्षांचं शास्त्र मात्र त्याच्या अंगातून गेलं नाही.

भोरच्या वाचनालयातून तो विज्ञानकथा आणायचा. आणायचा आणि चिडायचा. कुठल्याशा परक्या ग्रहावर दर संध्याकाळी दोन पूर्ण चंद्र शेजारी शेजारी उगवायचे, खाली नायक-नायिका उभे. अरे, पौर्णिमा रोज कशी येईल? दोन्ही चंद्र एकाच चालीनं कसे चालतील? त्याला नासलेल्या दुधासारखी मळमळ व्हायची. समासात तो पेन्सिलीनं ‘खोटं’ असं लिहून ठेवायचा. अशी अकरा पुस्तकं झाल्यावर वाचनालयाच्या बाईंनी त्याला पकडलं. ओरडल्या नाहीत. खोडरबर हातात दिलं, सगळं पुसायला लावलं आणि म्हणाल्या, एवढं कळतंय तर तुम्हीच एक धड जग बांधून दाखवा.

हे बोलणं त्याला लागलं. त्यानं दोनशे पानी वही घेतली.

त्यानं गुरूसारखा एक प्रचंड वायूचा ग्रह घेतला, नाव ठेवलं थोरला. त्याच्याभोवती फिरणारा, माणसं राहू शकतील असा एक चंद्र, ती धाकली. चंद्र फार हलका असला तर हवा धरून ठेवणार नाही, म्हणून धाकलीला पृथ्वीच्या तिसऱ्या हिश्शाइतकं वजन दिलं. थोरल्याभोवती घातक किरणांचा मारा असतो, म्हणून तिच्या पोटात चुंबक ठेवला. आपला चंद्र जसा आपल्याला एकच बाजू दाखवतो, तशी धाकलीही थोरल्याला एकच बाजू दाखवणार. म्हणजे त्या बाजूच्या माणसाला थोरला आभाळात एकाच जागी टांगलेला दिसणार. तो उगवणार नाही, मावळणार नाही. एक फेरी चौऱ्याऐंशी तासांची, त्यात बेचाळीस तास उजेड आणि बेचाळीस तास रात्र. पण रात्रीही मिट्ट काळोख नाही, कारण तेव्हा थोरला उजळलेला. मध्यरात्री सुईत दोरा ओवावा इतका प्रकाश. खरा अंधार पडायचा तो भरदुपारी, सूर्य थोरल्याच्या मागं गेला की, तीनएक तास.

हे गणित सुटलं त्या दिवशी रोहिदासनं कुणाचीच किटली परत पाठवली नाही.

तीन वर्षांत तीन वह्या भरल्या. राजे झाले, लढाया झाल्या, समुद्र ओलांडून झाले. मग एका रविवारी तो वह्या घेऊन वस्तीवर गेला. गेनू गोठ्यात शेण भरत होता. त्याला वाचता यायचं ते नावापुरतं, म्हणून रोहिदासनं दावणीशेजारी बसून वाचून दाखवलं. गेनूनं हातातलं काम न थांबवता सगळं ऐकलं. मग शेणाची पाटी खाली ठेवली.

“रोज भरदुपारी अंधार पडतो म्हणतोस,” तो म्हणाला. “मग म्हसरं घराकडं वळत्याल की. हितं नुसतं आभाळ दाटलं तरी वळत्यात.”

रोहिदासनं समासात पेन्सिलीनं खूण केली.

“आन् उजेड बेचाळीस तास. धार कवा काढत्यात तिकडं? म्हस बारा तासांला मोकळी व्हाया लागती. न्हाईतर सड फुटत्याल तिचे.”

रोहिदासनं वह्या उलटसुलट चाळल्या. म्हणजे चाळायची गरज नव्हती, त्याला ठाऊकच होतं. सहाशे पानांत एका जनावराची धार काढलेली नव्हती. एक गोठा नव्हता, शेणाचा पो नव्हता. राजे काय खात होते, कुणास ठाऊक. दुसऱ्यांच्या पुस्तकात जी घाण वाटायची, तीच घाण आपल्याच अक्षरात बघून त्याला शिसारी आली. गणित खरं होतं आणि जग खोटं. त्यानं तिन्ही वह्या तिथंच गेनूच्या चुलीपाशी टाकल्या. भावजयीनं, फुलाबाईनं, त्या जाळल्या नाहीत; कोऱ्या समासांत ती पुढं म्हशी कधी रेड्याकडं नेऊन फळवल्या ते लिहून घ्यायला लागली.

त्यानं नव्यानं सुरुवात केली, आणि या वेळी आधी गोठा बांधला. चौऱ्याऐंशी तासांत सात धारा. धाकलीवरची माणसं काळ धारांनीच मोजू लागली. तिसऱ्या धारेला निघतो, पाचव्या धारेला पोचतो. भरदुपारच्या अंधाराला ती ‘मधली सांज’ म्हणायची, तेव्हा म्हसरं आपसूक घरी येत आणि लेकरं झोपत. म्हातारी माणसं मधल्या सांजेला लग्नाची बोलणी करत नसत. दर महिन्याला एकदा तो वस्तीवर जाई, गेनू काहीतरी चूक काढी, आणि रोहिदास तोंड वाकडं करत, स्वतःवर चरफडत, खाली येऊन पुन्हा लिही.

त्यातलं पहिलं प्रकरण भोरच्या एका दिवाळी अंकात छापून आलं. महिन्याभरानं पुण्याहून स्वरूप नावाच्या तरुणाचा फोन आला. मोबाईलवर ऐकायच्या मालिका त्याची कंपनी काढायची. कापूरहोळच्या एका ढाब्यावर दोघं भेटले. टेबलावर आदल्या गिऱ्हाइकाच्या रश्श्याचे डाग होते आणि रोहिदासला तिथं हात टेकवेना. पण स्वरूप बसल्या बसल्या म्हणाला, “काका, सात धारा. हे कुणाला सुचलं नसतं.” रोहिदासला इतक्या वर्षांत कुणी असं म्हटलं नव्हतं. स्वरूपनं पुढं केलेला कागद त्यानं वाचला. धाकली, थोरला, वहीतलं सगळं यापुढं कंपनीचं, मालिकेत हवे ते बदल करायची मुभा कंपनीला, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. कळून सवरून त्यानं सही केली.

मालिका उन्हाळ्यात आली. पहिला भाग सकाळी डेअरीत सगळ्यांनी मिळून ऐकायचा ठरला. दूध घालायला आलेल्या धनाजी रेणुसेनं मोबाईल वजनकाट्यावर ठेवला, बायाबापड्या किटल्या खाली ठेवून उभ्या राहिल्या. सुरुवातीला रोहिदासचं नाव आलं तेव्हा सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं. मग बासरी वाजली आणि एक गोड आवाज सांगू लागला, की संध्याकाळच्या सागरावर थोरला हळूहळू उगवत होता, त्याच्या बाजूला दोन पूर्ण चंद्र होते आणि राजकुमारी किनाऱ्यावर उभी होती.

रोहिदासच्या हातात तपासायचं दूध होतं. ते त्यानं नीट खाली ठेवलं, मागच्या मोरीवर गेला आणि ओकला. लोकांना वाटलं, कुणाचं तरी दूध भलतंच नासलेलं निघालं.

पुढचे भाग त्यानं एकट्यानं ऐकले. म्हशी नव्हत्याच. सात धारा नव्हत्या. मधली सांज एकदा आली, ती राजकुमारीला पळवून न्यायला, आणि काम झाल्यावर परत कधी आली नाही. त्यानं स्वरूपला फोन लावला. स्वरूप बिचारा खरं तेच बोलला. त्याला वहीतलं आवडलं होतं, पण वरच्या लोकांना शेण नको होतं, दोन चंद्र हवे होते. ऐकणाऱ्याला काय कळतंय, असं त्यांचं म्हणणं.

“ऐकणाऱ्याला कळत न्हाई म्हणून नासकं पाजायचं का?” रोहिदासनं विचारलं, आणि आपलं नाव काढायला सांगितलं. दुसऱ्याच दिवशी एका ओळीचा निरोप आला, की नाव काढलं आहे. इतक्या सहज काढलं, की तेही त्याला झोंबलं.

नाव काढलं तरी पंचक्रोशीत बातमी पसरलीच होती. मालिका चालली. लोक त्याला चंद्रवाले ढेबे म्हणू लागले. मार्गासनीजवळच्या एका शाळेनं विज्ञान दिनाला पाहुणा म्हणून बोलावलं. तो नको म्हणत होता, अश्विनीनं इस्त्रीचा शर्ट पुढं केला म्हणून गेला. हेडमास्तरांनी मालिकेचं तोंडभर कौतुक केलं, शाल घातली. मग मुलांना प्रश्न विचारायला सांगितले. नववीतली प्रांजल नावाची मुलगी उभी राहिली.

“सर, थोरला कुठल्या दिशेला मावळतो?” तिनं विचारलं. “मी चित्र काढलंय. पण मालिकेत एकदा पूर्वेला मावळतो, एकदा पश्चिमेला.”

हेडमास्तर हसले. रोहिदासला काहीतरी थातुरमातुर सांगून बसता आलं असतं. समोरच्या पोरीनं नीट ऐकलं होतं, दोनदा ताडून बघितलं होतं. जे कंपनीच्या मते ऐकणाऱ्याला कळत नाही, तेच तिनं धरलं होतं.

“थोरला मावळतच नाही,” तो म्हणाला. “उगवतही नाही. मालिकेत सांगितलंय ते खोटं आहे.”

सभेत कुजबुज झाली. त्यानं खडू घेतला, फळ्यावर मोठं वर्तुळ काढलं, लहान काढलं, एकच बाजू समोर कशी राहते ते दाखवलं. भरदुपारी अंधार का पडतो तेही. पाऊण तास गेला. हेडमास्तरांनी दोनदा घड्याळ बघितलं. प्रांजल अजून उभीच होती.

“मग ते खोटं तुमी लिहिलं का?”

“मी नाही लिहिलं,” रोहिदास म्हणाला. “पण बदलायची परवानगी मी दिली. सही माझी आहे.”

टाळ्या वाजल्या त्या दोन-चारच. ऑफिसात चहा गार होऊन गेला होता, तो त्यानं घेतला नाही. पाहुण्यानंच स्वतःच्या मालिकेला नावं ठेवली म्हणून हेडमास्तर नाराज होते. रोहिदासला त्यांचा राग नव्हता. सवाऱ्या भरून धावणाऱ्या वडापच्या जीपमध्ये बसून तो खांद्यावरची शाल बघत राहिला आणि विंझर येईपर्यंत त्याला स्वतःच्या सहीचीच किळस येत राहिली. धाकली आता त्याची नव्हती. तिच्यावर एक ओळही लिहायचा त्याला हक्क नव्हता.

पुढच्या रविवारी तो वस्तीवर गेला. सांगायचं ते सगळं गेनूला सांगितलं. गेनूनं समजूत काढली नाही. एवढंच विचारलं, की दुसरा चंद्र बांधता येतो का. येतो, रोहिदास म्हणाला. दुसरा ग्रह, दुसरी फेरी, सगळं गणित पहिल्यापासून करावं लागेल. या वेळी शंभर तासांची फेरी धरावी असं तो सांगत होता, आणि माणसांना वसवायचं ते ग्रह कधीच न दिसणाऱ्या मागच्या बाजूला, जिथली रात्र खरोखर काळी असते.

“आन् मेलेलं जनावर?” गेनूनं विचारलं. त्याची एक म्हातारी म्हैस त्याच आठवड्यात गेली होती आणि वस्तीखालच्या घळीत टाकावी लागली होती. “हितं आता गिधाडं न्हाईत. कुत्री तरी हायेत. तिकडं कोण खातं? का पन्नास तास उन्हात तसंच पडतंय?”

वारा घळीकडून येत होता. रोहिदासनं नाकाला रुमाल लावला, मग काढला. तो घळीच्या कडेपर्यंत गेला आणि खाली बघत उभा राहिला. किडे कुठून शिरतात, चामडी आधी कुठं फाटते, कुत्री कुठल्या बाजूनं ओढतात, सगळं त्यानं बघितलं. परत आल्यावर हातपाय धुतले आणि फुलाबाईकडं पेन मागितलं.

स्वरूपचा पुन्हा फोन आला, मालिकेच्या दुसऱ्या पर्वासाठी. नवं काय चाललंय, असं त्यानं विचारलं. रोहिदासनं घळीतलं सगळं, किड्यांसकट, सविस्तर सांगितलं. स्वरूपनं नंतर बोलू म्हणून फोन ठेवला.

नव्या वहीचं पहिलं प्रकरण त्या मेलेल्या म्हशीवर आहे. अश्विनीनं दोन पानं वाचली आणि जेवणाआधी हे पुन्हा माझ्या हातात देऊ नका म्हणाली. शाळेच्या पत्त्यावर पाठवलेलं ते प्रकरण प्रांजलनं मात्र सगळं वाचून परत पाठवलंय. समासात पेन्सिलीनं एके ठिकाणी प्रश्नचिन्ह आहे: पन्नास तासांच्या रात्री गारठ्यानं किडे मरणार नाहीत का? रोहिदास सध्या ते गणित करतोय.